विहिरींचा तक्ता : नागपुरातल्या नववीच्या एका वर्गाचं प्रकरण

"मॅडम, मायं लिवलेलं कोनं मिटवलं?"

जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेच्या संगणक खोलीत हा प्रश्न पहिल्यांदा आला आणि पुढच्या अर्ध्या तासात आणखी सात-आठ जणांनी तोच विचारला. नववीची चव्वेचाळीस मुलं, चालू स्थितीतले अकरा संगणक आणि सगळ्यांसाठी उघडलेलं एकच गुगल डॉक. विषय होता 'नाग नदी आणि आपण'. "सगळ्यांनी मिळून लिहा," एवढंच मी सांगितलं होतं. तास संपला तेव्हा पानावर नदीच्या उगमाबद्दल तीन परिच्छेद होते, तिन्ही एकाच संकेतस्थळावरून उचललेले. मधोमध एका मुलाचं नाव चाळीसेक वेळा चिकटवलेलं होतं. आणि तळाशी कुणीतरी कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या नोट्स आणून टाकल्यामुळे अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांगच्या रांग उमटली होती.

त्या दिवसापासून सप्टेंबरअखेरपर्यंत या वर्गात जे घडलं ते मी इथे मांडते आहे. मी या वर्गाला भूगोल आणि जलसुरक्षा शिकवते. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, जुन्या नागपूरला लागून. मुलं महाल, जगनाडे चौक, नंदनवन, सक्करदरा, वाठोडा या भागांतून येतात. घरी कुणाचे वडील ऑटो चालवतात, कुणाचे इतवारीत दुकानावर कामाला आहेत, कुणाच्या आजोबांचा हातमाग कधीच बंद पडला.

नाग नदीचा विषय मी उगाच घेतला नव्हता. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि २३ च्या पहाटे अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंत घरांत पाणी शिरलं. लाव्हा-वाडीकडच्या टेकड्यांतून निघून शहराच्या मधून पूर्वेला जाणारी ही नदी माझ्या बऱ्याच मुलांच्या रोजच्या वाटेत येते. वर्षभरापूर्वीची ती पहाट त्यांच्या डोक्यात ताजी होती. तरीही पानावर त्यातलं काहीच उतरलं नाही. वर्गात बोलताना जी मुलगी "आमच्या गल्लीत फ्रीज तरंगत होता" असं सांगत होती, तिनंच डॉकमध्ये लिहिलं, 'नदी ही मानवी संस्कृतीची जननी आहे.'

पहिले दोन आठवडे

लिंकवरून खातं न उघडता आत येणाऱ्याला गुगल डॉक एखाद्या अनोळखी प्राण्याचं नाव देतं. मुलांना त्यात फार मजा वाटली, आणि मला मात्र कोण काय लिहितंय हे कळायचा काही मार्ग उरला नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या गुगल वर्कस्पेसमधून प्रत्येकाला स्वतंत्र खातं दिलं. त्यासाठी मुलांचे फोन नंबर लागत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल 'बालक' आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे, म्हणून साध्या मराठीत संमतिपत्रही घरी पाठवलं. ते करताना एक गोष्ट कळली. स्मार्टफोन प्रत्येक घरात होता, पण दिवसा घरी राहणारा फोन जेमतेम निम्म्या घरांत होता.

ही माहिती हातात असूनही मी पुढची चूक केली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तीच आहे. खाती मिळाल्यावर डॉकचा बदलांचा इतिहास नावानिशी दिसायला लागला. प्रत्येकाचा रंग वेगळा. एका शुक्रवारी मी तो इतिहास प्रोजेक्टरवर लावला. पानभर एकच रंग पसरला होता, पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा. बाकीच्यांचे इकडेतिकडे ठिपके. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचा रंग कुठेच नव्हता. "तुझं योगदान कुठे आहे?" असं मी सगळ्यांसमोर विचारलं. त्यानं मान खाली घातली. सोमवारी आणि मंगळवारी तो शाळेत आला नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावलं. "बेटा, काय झालं?" बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबाचा ऑटो रातच्याले धा वाजता घरी येते मॅडम. फोन तवाच भेटते. तवा मी लिवतो, पन तवर तं सगळं लिवून झालं राह्यते." शाळेत अकरा संगणकांवर चव्वेचाळीस मुलं, म्हणजे एकामागे चौघं. त्यात कळफलक कुणाच्या हातात असणार हे ठरलेलंच होतं. त्याच्या हाती तो एकदाही आला नव्हता.

पानभर रंग असलेली मुलगीसुद्धा खूश नव्हती. तिच्या आईनं पालकसभेत सांगितलं, "पोरगी रात्री जागून सगळ्यांचं लिहून काढते, म्हणते वर्गाचं नाव खराब होईल."

दोर ओढणारी माणसं

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून मोजमापं केली होती, ती १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसं वाढली की एकूण जोर वाढे, पण माणशी जोर घटत जाई. आठ जण मिळून ओढत असताना प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढताना असतो त्याच्या जवळपास निम्म्यावर आला. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी टाळ्या वाजवण्यात आणि ओरडण्यात हेच पाहिलं आणि त्याला सामाजिक आळस म्हटलं. मला तो शब्द पटत नाही. माझी मुलं आळशी नव्हती. आपला दोर कुठला आणि तो सुटला तर काय बिघडेल, हेच त्यांना दिसत नव्हतं. चव्वेचाळीस जणांच्या एका पानावर मी लिहिलं नाही तरी पान भरणारच असतं.

आपल्याकडे ज्ञानरचनावाद हा शब्द शिक्षकांना नवा नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तो आणला. पुढे साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या समूहातले, वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. मीही प्रशिक्षणं घेतली आहेत. फरशीवर रंगवलेले अंक, मणी, काड्या, सगळं मनापासून केलं आहे. पण मूल स्वतः ज्ञान रचतं हे वाक्य ऐकता ऐकता मी त्याचा अर्थ 'मोकळं सोडलं की मूल रचतं' असा लावून बसले होते. कोरं पान आणि "लिहा" हा शब्द, यातून काही रचलं जात नाही.

डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांचा १९७६ चा एक निबंध आहे. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठं माणूस नेमकी कशी मदत करतं, हे त्यात बारकाईनं पाहिलं आहे. परांची बांधण्याची उपमा त्यातूनच शिक्षणात रुळली. मदतीची जी कामं त्यांनी नोंदवली त्यात एक असं आहे : कामातली मोकळीक कमी करणं. म्हणजे मुलाला झेपेल एवढाच तुकडा समोर ठेवायचा, बाकीचा भार तेवढ्यापुरता आपण उचलायचा. मी नेमकं उलटं केलं होतं. सगळा मनोरा एकदम समोर ठेवला आणि परांची म्हणून फक्त लिंक दिली.

विहिरीच का

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी ते डॉक बंद केलं आणि मुलांना विचारलं, "तुमच्या गल्लीत विहीर आहे का?" एकोणतीस हात वर झाले. जुन्या नागपुरात वाड्यावाड्यांत विहिरी होत्या. काही अजून वापरात आहेत, काहींत मोटारपंप सोडला आहे, काही निर्माल्यानं भरल्या आहेत. आज शहराला पेंच प्रकल्पाचं आणि कन्हान नदीचं पाणी मिळतं. पण एप्रिल-मेमध्ये, घरोघरी कूलर सुरू झाले आणि नळ बारीक झाला, की याच विहिरींची आठवण येते.

विहीर निवडण्यामागे आणखी एक विचार होता. जगनाडे चौकामागच्या अमुक वाड्यातल्या विहिरीत आज पाणी किती खोल आहे, हे कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. त्यासाठी तिथे जावंच लागतं. नक्कल करू नका, असं मला त्यानंतर एकदाही सांगावं लागलं नाही.

कामाची वाटणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांच्या जिगसॉ पद्धतीवरून घेतली. १९७१ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र आल्या असताना, वर्गांत फार ताण होता. अ‍ॅरनसननी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. शेजारच्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. आमच्याकडे वस्तीप्रमाणे पाच गट झाले. प्रत्येक गटात कुणी मोजणारं, कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून जुनी माहिती आणणारं, कुणी नकाशावर जागा दाखवणारं, कुणी पावसाची नोंद ठेवणारं, कुणी मजकूर तपासणारं. आणि आठवड्यातून एकदा पाचही गटांतले मोजणारे एकत्र, बोलणारे एकत्र. डॉकऐवजी एक सामायिक शीट, म्हणजे सगळ्यांनी मिळून भरायचा ऑनलाइन तक्ता. प्रत्येक विहिरीला एक ओळ, प्रत्येक कामाला एक-दोन स्तंभ. आपला चौकोन रिकामा राहिला तर तो लगेच दिसतो, आणि तो शेजारचा भरू शकत नाही, कारण शेजारच्यानं ती विहीरच पाहिलेली नसते.

ज्यांना फोन मिळत नव्हता त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढी कागदी कार्डं छापली. त्यावर तेच स्तंभ. सकाळी प्रार्थनेआधी कार्ड द्यायचं, मग ज्याचं त्यानंच ते शाळेत शीटमध्ये चढवायचं. संगणकावर बसायची पाळी भिंतीवर लावली. हे फार साधं आहे, पण माझ्या मते सगळ्या साधनांपेक्षा जास्त उपयोग या पाळीच्या कागदाचा झाला.

तीन पूर्णांक नऊ की तीन पूर्णांक दोन

पहिली मोजणी २८ जुलैच्या रविवारी झाली. नियम पक्का होता : दोर घरातल्या मोठ्या माणसानंच सोडायचा, मुलांनी दूर उभं राहून नोंद घ्यायची. दर अर्ध्या मीटरला गाठ आणि टोकाला दगड बांधलेला दोर. सोमवारी शीटमध्ये तेवीस विहिरी आल्या.

महालातल्या एका वाड्याची विहीर दोन गटांच्या हद्दीवर होती, म्हणून दोघांनीही मोजली. एकाची नोंद ३.९ मीटर, दुसऱ्याची ३.२. मंगळवारी त्या चौकोनाच्या टिप्पणीत भांडण सुरू झालं. ते मी जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे :

"तुमचं चुकलं. ३.२ आहे."
"३.९ आहे. फोटो पाहा. तुम्ही किती वाजता गेले होते?"
"दहा वाजता. वाड्यातल्या आजोबांनी दोर सोडला."
"आमच्यावाला पन त्यांनीच सोडला. मग?"

इथे मला उत्तर माहीत होतं. टिप्पणीत दोन शब्द लिहिले असते तर वाद मिटला असता. मी गप्प राहिले, आणि खरं सांगते, ते दोन दिवस फार जड गेले. बुधवारी दोन्ही गट वर्गात एकमेकांशी बोलत नव्हते. एका शिक्षक सहकाऱ्यांनी विचारलंही, "मॅडम, हे शिकणं आहे की भांडणं लावणं?"

गुरुवारी रात्री पावसाची नोंद ठेवणाऱ्या एका मुलीनं, जिचा त्या विहिरीशी काही संबंध नव्हता, एक ओळ लिहिली : "दोर कुठून सोडला होता?"

"कठड्यावरून."
"आम्ही तं पडकी बाजू आहे तिकडून. तिथं कठडाच नाही. जमिनीपासून."
"कठडा किती उंच आहे?"

शुक्रवारी शाळा सुटल्यावर चौघं जाऊन कठडा मोजून आली. सत्तर सेंटिमीटर. दोन्ही गटांचं मोजमाप बरोबर होतं. त्याच रात्री शीटमध्ये 'कठड्याची उंची' असा नवा स्तंभ आला. तो मी केला नव्हता. आणि उरलेल्या बावीस विहिरींपुढे त्या मुलीनं एकच टिप्पणी टाकली : "तुम्ही कुठून मोजलं?" पुढच्या चार दिवसांत प्रत्येक गटानं पुन्हा जाऊन कठडे मोजले. त्यानंतरच मी वर्गात सांगितलं की राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते तेव्हा तीही जमिनीपासूनच धरते, कठड्याची उंची वजा करून. मुलांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही. जे आपण भांडून शोधलं तेच मोठी माणसंही करतात, याचा आनंद होता तो.

मूल कसं शिकतं याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे आणि लेव वायगोत्स्की दोघंही १८९६ मध्ये जन्मले. त्यांची मतं पुष्कळदा एकमेकांसमोर उभी करून शिकवली जातात. त्या चार दिवसांत मला दोघंही लागले. आपल्या माहितीशी न जुळणारं काही समोर आलं की मनाचा तोल जातो आणि तो परत साधताना समज वाढते, हे पियाजेचं म्हणणं. ३.९ आणि ३.२ या दोन आकड्यांनी ते काम केलं. एकट्यानं जमत नाही पण जाणत्याच्या मदतीनं जमतं, त्या पट्ट्यातच शिकणं घडतं, हे वायगोत्स्कीचं. इथे जाणती माणूस मी नव्हते, दुसऱ्याच गटातली एक मुलगी होती. तिला उत्तर येत होतं असंही नाही, तिला योग्य प्रश्न सुचला इतकंच. टिप्पणीची सोय नसती तर हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नसता. वर्गात हे भांडण दोन बाकांमध्ये होऊन विरलं असतं. शीटमध्ये ते तीन दिवस तसंच उघडं राहिलं आणि ज्याला बघायचं त्याला दिसत राहिलं. सामायिक साधनाचा खरा गुण मला इथे कळला. एकाच वेळी चव्वेचाळीस जणांना लिहिता येतं, यात मला आता फारसं विशेष वाटत नाही.

आमच्या विज्ञानाच्या सरांनीही एक टिप्पणी टाकली आणि तीही प्रश्नच होती : "सीताबर्डीच्या टेकडीचा दगड आणि तुमच्या विहिरीतला दगड एकच आहे का?" मुलांनी विहिरींच्या कडेला पडलेले दगड पिशवीत भरून आणले, टेकडीच्या पायथ्याचा काळा दगड आणला. दख्खनचा काळा बेसाल्ट नागपूरपाशी संपत येतो, शहराच्या पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना, चमकत्या कणांचा खडक लागतो. पुस्तकातलं हे एक वाक्य त्या दिवशी टेबलावर दोन ढिगांत पडलं होतं.

आजीच्या शब्दांत

म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी फोनवर आवाज नोंदवून आणले. नंदनवनच्या एका आजीनं सांगितलं होतं, "तवा पानी इतकं वर राहे का वाकून गुंड भरे." शीटमध्ये ते आलं तेव्हा मजकूर तपासणाऱ्या मुलानं त्याचं करून टाकलं, 'त्या काळी पाण्याची पातळी इतकी वर होती की वाकून घागर भरता येत असे.' शुद्धलेखनात एकही चूक नाही. त्याखाली आजीच्या नातीची टिप्पणी : "माझी आजी असं बोलत नाही. आणि गुंड म्हणजे घागर नाही, गुंड पितळेचा राह्यते."

ही मुलगी वर्गात फारसं बोलत नसे. पहिलीपासून तिच्या वहीत 'प्रमाण भाषेत लिही' असे शेरे पडत आले आहेत, त्यातले काही माझेही आहेत. इथे मात्र वर्गातली ती एकटीच जाणकार होती. हिर म्हणजे विहीर, गुंड कसा असतो, मोट कुठे होती, हे सगळे तिला विचारायला लागले. शेवटी दोन स्तंभ झाले : 'आजीच्या शब्दांत' आणि 'आमच्या शब्दांत'. पहिल्यात कुणीही काना-मात्रा बदलायचा नाही, असा नियम वर्गानंच केला. बोलून टाइप करायची फोनमधली सोय इथे कामी आली नाही. 'हिर' ऐकून फोन कधी 'हीर' लिही, कधी 'हिरो'. मग मुलं आवाज थांबवून थांबवून ऐकत आणि एकेक शब्द हातानं लिहीत. त्यात वेळ फार गेला, पण आजीचं बोलणं इतक्या लक्ष देऊन त्यांनी याआधी कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

गाठी मारणारा मुलगा

रंग न दिसलेला तो मुलगा नंदनवनच्या गटात होता, मोजणाऱ्यांत. त्याचा काका मंडप बांधायचं काम करतो, त्यामुळे न सरकणारी गाठ कशी मारायची हे त्याला येत होतं. पहिल्या मोजणीत इतर गटांच्या गाठी ओल्या होऊन सरकल्या, त्याच्या जागच्या जागी राहिल्या. दुसऱ्या मोजणीआधी पाचही गटांचे दोर त्यानं बांधून दिले.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या संशोधकांनी १९९१ मध्ये शिकाऊ माणसांबद्दल लिहिताना लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण घेतलं आहे. तिथे नवशिक्या कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाही. आधी काजं-बटणं, इस्त्री, मग शिवण, आणि बेतणं सर्वांत शेवटी. कडेकडेनं आत येण्याची ती वाट असते, आणि कडेचं कामही खरंच काम असतं. या मुलाचा दोर मला तसाच वाटतो. २५ ऑगस्टच्या मोजणीला त्याच्या गटातली मुलं त्याच्याशिवाय निघेनात.

पण शीटमध्ये त्याच्या हातच्या ओळी दोन महिन्यांत मोजून सहाच आहेत. बदलांचा इतिहास बघून श्रेणी द्यायची ठरवली असती तर तो पुन्हा तळाशी गेला असता. म्हणून मूल्यमापनाची रीत बदलली. प्रत्येकानं आपण केलेल्या कामातल्या तीन गोष्टी निवडायच्या आणि मला पाच मिनिटं तोंडी सांगायचं : काय केलं, का केलं, कुणामुळे सुचलं. शीटमधला बदल असो, दोर असो, नाही तर कुणाला विचारलेला प्रश्न. एका मुलानं स्वतः खोडलेला शब्द निवडला. त्यानं एका विहिरीपुढे 'पाणी स्वच्छ' असं लिहिलं होतं, मग 'स्वच्छ' खोडून 'गढूळ दिसत नाही' असं केलं. "तपासलं तं नव्हतं मॅडम, नुसतं पाह्यलं होतं," तो म्हणाला. चव्वेचाळीस मुलांना पाच-पाच मिनिटं म्हणजे जवळपास चार तास. ते मी दोन आठवड्यांच्या मधल्या सुट्ट्यांतून काढले. पन्नास-साठांच्या वर्गात हे जमेल का, असं विचारणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच सांगते की दर वेळी सगळ्यांचं ऐकायची गरज नाही, गटातल्या दोघांचं ऐकलं तरी पुष्कळ कळतं.

पहिल्या बाकावरची ती मुलगी, जिच्या रंगानं पान भरलं होतं, सुरुवातीला फार अस्वस्थ होती. तिला पावसाची नोंद आणि तेवढाच एक स्तंभ मिळाला होता. दुसऱ्यांच्या चुका तिला दिसत आणि हात शिवशिवत. कठड्याचा प्रश्न विचारणारी तीच.

सगळंच जुळून आलं असं नाही. वाठोड्याचा गट शेवटपर्यंत विस्कळीत राहिला. त्यांच्या पाचपैकी चार विहिरींवर स्लॅब पडला होता, मोजायला उरली एक, आणि एका विहिरीभोवती आठ जणांचं काम उभं राहत नाही. वाटणी करताना हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, त्यांना नदीकाठचं एखादं काम द्यायला हवं होतं. दोघींनी तोंडी परीक्षेत "काही केलं नाही" असं प्रामाणिकपणे सांगितलं. वीज गेलेले दिवस, विसरलेले पासवर्ड, पोळ्याच्या आणि मारबतीच्या सुट्ट्यांत हरवलेली कार्डं हेही रोजचं होतं.

तिसरी मोजणी २२ सप्टेंबरला झाली, पुराला वर्ष पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. जिथे जुलैत पाणी ३.२ मीटरवर होतं, त्या महालच्या विहिरीत ते आता दीड मीटरवर आलं होतं. एका विहिरीत मात्र तिन्ही वेळा जवळपास तोच आकडा होता, आणि तिथे सतत मोटार चालते की खडक वेगळा आहे यावर मुलांचं एकमत झालं नाही. तो प्रश्न टिप्पणीत अजून उघडा आहे. स्लॅब पडलेल्या चार विहिरींच्या ओळी काढून टाकाव्यात असं काहींचं म्हणणं होतं. मतदान झालं आणि त्या ठेवल्या गेल्या. पातळीच्या चौकोनात 'स्लॅब टाकला' एवढं लिहिलं आहे, आणि शेजारी 'आजीच्या शब्दांत' हा चौकोन भरलेला आहे.

शेवटच्या तासाला कुणीतरी म्हणालं, पाणी सगळ्यात खाली जाते मेमध्ये, आणि आपण तर मोजलं नुसतं पावसाळ्यात. मुलांनी शीटच्या उजव्या टोकाला 'मे २०२५' असा रिकामा स्तंभ जोडला. मी त्याबद्दल पुन्हा काही बोलले नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, विदर्भातल्या शाळा तशाही जूनचा बराचसा काळ बंद असतात, आणि नवतप्याच्या उन्हात कुणी विहिरीवर जाईल असं मला वाटलं नव्हतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सहज शीट उघडली. एकोणीसपैकी चौदा विहिरींचे चौकोन भरलेले होते, बहुतेक नोंदी सकाळी सहा-सातच्या. सगळ्यात पहिली नंदनवनची होती : ७.५ मीटर, जमिनीपासून. वेळ रात्री दहा वाजून बारा मिनिटं.